बुडबुडे थांबेपर्यंत

वहिनी : नाही ताई, हे बुडबुडे चुकलेत.

ताई : चुकलेत? वहिनी, तीन दिवसांचे बुडबुडे आहेत हे. एकेकाला न्हाऊमाखू घालून मोठं केलंय मी.

वहिनी : दिसायला छान आहेत.

ताई : 'छान' म्हणजे काय ते मला कळतं हो. शिवणकाम करायचे तेव्हा गिऱ्हाइकं असंच म्हणायची. छान झालंय, फक्त बसत नाहीये.

वहिनी : मला त्यातलं काय कळतंय? तुम्ही विचारलंत म्हणून बोलले.

ताई : मग, बोलावलंय कशाला तुला? आमच्या सगळ्या खानदानात पाणी कळणारी तू एकटी. दिवसाला चाळीस पोरं पोहण्याच्या तलावात ढकलतेस आणि चाळीसच्या चाळीस मोजून बाहेर काढतेस. मी पडले पन्नाशीची बाई. व्हिडिओ बघून बघून सॉफ्टवेअर शिकले. दिवसभर कॉम्प्युटरवर पाणी बनवते, पण कमरेच्या वर पाणी आलं की माझी बोबडी वळते.

वहिनी : परत एकदा दाखवा.

ताई : बघ. हा टब. लाँड्रीतला, लोखंडी. मालिकेतल्या बाईला तो नालायक मागून धरतो आणि तिचं तोंड पाण्यात दाबतो. कॅमेरा टबाच्या तळाशी, खालून वर बघतोय. शूटिंगला टब कोरडा ठणठणीत. बाईंनी आधीच सांगितलेलं, केस भिजवीन, नाक भिजवणार नाही. म्हणून पाणी माझ्या गळ्यात आलं. आता चालू करते हं. धप्प! पाणी दोन्हीकडून फाटलं, फेस आला, आणि हे माझे बुडबुडे.

वहिनी : पाणी बरोबर आहे.

ताई : असायलाच हवं. आधी टबात समुद्र झाला होता. लाटा अशा सावकाश, राजेशाही. मला वाटलं मशीन बिघडलं. मग कळलं, टबाचं माप घालताना सेंटिमीटरच्या जागी मीटर घातलेत मी. साठ मीटरचा टब! अख्खी आळी आंघोळ करेल. लहान पाणी चटचट हलतं, मोठं पाणी आळसावलेलं असतं, हे मला मशीनने शिकवलं.

वहिनी : आणि दिग्दर्शक काय म्हणतो?

ताई : तो दाढीवाला? तिसऱ्यांदा परत पाठवलंय. 'पाण्यात हिंसा नाहीये ताई, पाणी घाबरलेलं वाटलं पाहिजे.' मी म्हटलं, बाबा रे, पाण्याला घाबरवायचं बटण अजून निघालेलं नाही. डोकं किती जोरात जातं त्याचा आकडा असतो, तो वाढवून देते. चाराचा सहा केला, सहाचा नऊ. आता डोकं असं जातंय की टबालाच टाके पडावेत.

वहिनी : जोर एवढा नसतो.

ताई : नसतो?

वहिनी : म्हणजे सुरुवातीला असतो. पाणी उडतं ते तेवढंच. नंतर नुसतं वजन. तो दाबत बसत नाही, फक्त वर येऊ देत नाही. खालची जेवढी उसळेल तेवढाच जोर लावायचा.

ताई : थांब, लिहून घेते. 'नंतर नुसतं वजन.' म्हणजे आकडा आधी नऊ, मग दोन?

वहिनी : दोन. ती उसळली की चार. परत दोन.

ताई : वा! दाढीवाल्याच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं हे. आणि बुडबुडे?

वहिनी : तुम्ही सगळे पहिल्यालाच सोडलेत, भसकन.

ताई : किंचाळेल ना ती. तोंड उघडलं की हवा बाहेर.

वहिनी : पहिल्या वेळेला किंचाळते. नंतर शहाणी होते. हवा धरून ठेवते आणि नाकातून थोडी थोडी सोडते. चार बुडबुडे, मग थांबायचं. मग तीन. मग एक बारीक माळ. मग काहीच नाही.

ताई : हवा धरता येते तर सोडायची कशाला?

वहिनी : वरून तो बघत असतो. बुडबुडे थांबले की त्याला वाटतं, झालं. मग हात सैल करतो.

ताई : बाप रे. बदलते आत्ताच. चार… थांबले… तीन… अगं, काय भयंकर दिसतंय हे! नऊच्या आकड्यापेक्षा हे दोनाचं भयंकर आहे.

वहिनी : आणि तळ पण बरोबर नाही. मधलं टिंब राहिलंय.

ताई : कसलं टिंब?

वहिनी : बुडाला मधोमध असतं ना. साच्यातून काढल्याचं, नखाएवढं, वर आलेलं. नाक त्याच्यावरच टेकतं. बुडबुडे त्याला वळसा घालून गालावरून वर जातात.

ताई : वहिनी.

वहिनी : काय?

ताई : टब लोखंडी आहे.

वहिनी : हां. मग नसेल.

ताई : टिंब प्लॅस्टिकच्या बादलीला असतं.

वहिनी : असेल. कुठेतरी बघितलं असेल मी.

ताई : तलावाचा तळ फरशीचा. बादलीच्या बुडाचं टिंब नाकाला कुठे टेकतं, हे तुला तलावावर कोण सांगणार?

वहिनी : ताई, ते बंद करा ना. सारखं फिरतंय. तिचं डोकं सारखं आत जातंय.

ताई : केलं. हे बघ, पडदाच काळा केला. आता इकडे बघ.

वहिनी : चार वाजता येतील हे मला न्यायला. मी आवरते.

ताई : तीन वीस झालेत. एवढ्या उकाड्यात गळ्याला स्कार्फ कशाला गुंडाळलायस तू?

वहिनी : सर्दी झालीय.

ताई : सोड तो.

वहिनी : नको ना ताई.

ताई : सोड म्हणते ना. मी परकी आहे का? … अरे देवा. ही बोटं आहेत. चार इकडून आणि मागे अंगठा. छोट्या?

वहिनी : स्कार्फ द्या तो इकडे.

ताई : माझा भाऊ? माझा छोट्या?

वहिनी : तुमचाच. माझ्याकडे दुसरा कुठे आहे?

ताई : अगं, काहीतरी चुकतंय तुझं. तसला नाहीये तो. माझं बोट एकदा मशीनच्या सुईखाली आलं, तर मी राहिले बाजूला, हाच चक्कर येऊन पडला. त्याला रक्त बघवत नाही.

वहिनी : यात रक्त येतच नाही, ताई.

ताई : दारू पितो का?

वहिनी : थेंब नाही. प्यायला असता तर मी पळाले असते. चांगला शांत असतो. बाह्या दुमडतो. बादली भरून घेतो, नळ नीट बंद करतो. नंतर सांडलेलं पाणी स्वतः पुसतो, मला वाकू देत नाही. म्हणतो, तू दमलीयस, पड जरा.

ताई : कधीपासून?

वहिनी : लग्नाला दीड वर्ष झालं तेव्हापासून. सात वेळा झालं. पहिल्यांदा बावीस आकडे होते. परवा एकशे दहा.

ताई : मोजतेस तू?

वहिनी : दुसरं काय करायचं तिथे? पोरांनाही तेच शिकवते मी, घाबरलात की मोजा. मी दोन मिनिटं वीस सेकंद श्वास धरते. त्याला माहितीये ते. गेल्या वर्षी तलावावर बक्षीस मिळालं तेव्हा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. म्हणून तर निवडलं त्याने हे. म्हणतो, 'तुला काय त्याचं? तुझं तर रोजचं काम आहे.'

ताई : आणि कारण काय असतं?

वहिनी : कारण कसलं? यायला दहा मिनिटं उशीर झाला. एका पोराच्या बापाचा फोन आला. मी उलट बोलते, मग रडते. माझं रडणं त्याला सहन होत नाही. मग म्हणतो, 'ये, तुला शांत करतो.'

ताई : काय म्हणतो?

वहिनी : तुला शांत करतो. असंच. रागावून नाही, प्रेमाने.

ताई : पाणी दे गं जरा. नाही… नको. पाणी नको. बोल तू.

वहिनी : बोलण्यासारखं परवाचंच राहिलंय. परवा मी बुडबुडे सोडले नेहमीसारखे. चार, तीन, माळ. अंग सैल सोडलं. हात सैल होईना. मला वाटलं, आत्ता होईल, आत्ता होईल. वीस आकडे तसेच गेले. मग माझं खरंच सुटलं. नाकात पाणी, डोळ्यांपुढे काळं. मग सोडलं त्याने. मी खोकत होते आणि हा पाठीवरून हात फिरवत म्हणाला, 'फसवतेस ना मला इतके दिवस? बुडबुडे खोटे सोडतेस. पुढच्या वेळी मी बुडबुडे बघणारच नाही.'

ताई : पुढच्या वेळी.

वहिनी : हो. माझ्याकडे तेवढी एकच युक्ती होती, ताई.

ताई : आणि तू इतके दिवस कुणाला सांगितलं नाहीस?

वहिनी : माझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, तो बहिणीशिवाय कुणाचं ऐकत नाही, तिला सांग. दोन वेळा आले तुमच्याकडे सांगायला. एकदा तुम्ही त्याचे लहानपणीचे फोटो काढून बसला होतात. एकदा त्याच्यासाठी स्वेटर विणत होतात. कसं सांगायचं? आणि दुसरं पण होतं.

ताई : दुसरं काय?

वहिनी : राहू दे.

ताई : आता काही राहू देऊ नकोस.

वहिनी : तो म्हणतो, 'ताईने मला असंच शांत केलं. मी झालो की नाही शांत?'

ताई : असं म्हणतो तो?

वहिनी : मला वाटलं, खोटं बोलतोय. खोटंच आहे ना, ताई?

ताई : आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि हा सहा. बाबा कामावर जायचे ते रात्री झोपायलाच यायचे. हा रडायचा. नुसता रडायचा नाही गं, सकाळी जो सूर लावायचा तो दुपारपर्यंत. मी मशीनवर. कपडे द्यायची वेळ झालेली, वरून मालकीण दारात उभी. एकदा रडून रडून काळानिळा झाला, म्हणून मी त्याचं डोकं बादलीत बुडवलं. थंड पाण्याने भानावर येईल म्हणून. आला. एकदम गप्प झाला. मला इतकं हायसं वाटलं वहिनी, काय सांगू. वाटलं, सापडला उपाय.

वहिनी : एकदाच?

ताई : नाही.

वहिनी : किती वेळ धरायचात?

ताई : क्षणभर. एक-दोन सेकंद.

वहिनी : एक-दोन?

ताई : मी मोजलं नव्हतं.

वहिनी : तो मोजायचा. सांगतो कधी कधी. आठपर्यंत.

ताई : सहा वर्षांचं पोर. त्याला आठपर्यंतचे आकडे मीच शिकवले होते, कापडाच्या टेपवर.

वहिनी : तुमच्या तोंडून ऐकायचं होतं मला. मी तुम्हाला बोल लावायला नाही आले.

ताई : लाव. बिनधास्त लाव. तीस वर्षं मी लोकांना सांगत फिरले, आईविना पोर कसं सोन्यासारखं वाढवलं. वागायला कसा गुणी, आवाज म्हणून चढवत नाही. अगं, आवाज चढवत नाही म्हणून काय कौतुक होतं मला त्याचं!

वहिनी : ताई, पावणेचार झाले. मला जायला हवं खाली. वर यावं लागलं की त्याचा चेहरा बदलतो.

ताई : कुठेही जात नाहीस तू. इथे राहायचं.

वहिनी : आज राहीन. उद्या?

ताई : उद्याही. परवाही.

वहिनी : नाही जमणार तुम्हाला. तो दारात येऊन 'ताई' म्हणेल आणि तुम्ही दार उघडाल.

ताई : नाही उघडणार.

वहिनी : तुमच्या हातून होणार नाही ते. म्हणून मी तुमच्यावर रागावणारही नाही. फक्त मला खोटी आशा लावू नका. त्यापेक्षा आत्ताच जाऊ द्या, वेळेवर गेले तर आजची रात्र तरी नीट जाईल.

ताई : नीट म्हणजे कशी? चार आणि तीन आणि माळ?

(दारावर थाप पडते.)

छोट्या : ताई! अगं बेल बंद आहे का तुझी?

वहिनी : लवकर आला.

ताई : तू आतल्या खोलीत जा. जा म्हणते ना. … काय रे? चार वाजायचेत अजून.

छोट्या : लवकर सुटलो आज. उघड की.

ताई : वहिनी आज इथेच राहतेय.

छोट्या : का? काम राहिलंय का? मग मी बसतो तोवर. मलाही दाखव तुझं पाणी. चहा टाक.

ताई : काम झालं. तरी राहतेय. उद्यासुद्धा.

छोट्या : बरं. काय झालंय? काही बोलली का ती?

ताई : गळा बघितला मी तिचा.

छोट्या : अच्छा. अगं, तलावावर एका पोराने धरलं होतं तिला, बुडताना. सांगितलं नाही का तिने? ताई, जिन्यात उभं राहून काय बोलायचं? वरच्या काकू बघतायत. दार उघड, तोंडावर बोलू.

ताई : साखळी लावून उघडते.

वहिनी : ताई, नका! तुम्ही म्हणाला होतात!

ताई : साखळी आहे गं. त्याचं तोंड बघून बोलायचंय मला, एकदाच. … बोल.

छोट्या : हे काय, रडतेयस तू? डोळे बघ कसे झालेत. हात दे इकडे. दे ना. असा. ताई, तुझा हात केवढा गार पडलाय.

ताई : छोट्या, मी तुला लहानपणी जे केलं ते वाईट होतं. आज कळतंय असंही नाही, तेव्हाही कळत होतं. त्याची मी माफी मागते तुझी. पण तू—

छोट्या : माफी कसली? बरोबर होतं ते. वाया गेलो असतो मी. तू माणूस केलंस मला.

ताई : माणूस नाही झालास तू त्याने.

छोट्या : काय म्हणालीस?

ताई : हात सोड माझा.

छोट्या : साखळी काढ, सोडतो.

ताई : छोट्या, दुखतंय मला. मनगट पिरगळू नकोस.

छोट्या : साखळी काढ, ताई. मी मोजतो. एक. दोन.

ताई : दार ओढू नकोस! बोटं आहेत माझी मध्ये. छोट्या, बोटं आहेत!

छोट्या : दिसतायत मला. तीन.

ताई : आई गं! अरे सोड… सोड रे…

छोट्या : डाव्या हाताने काढता येते साखळी. चार. किती आवाज करतेस ताई? लहान मुलासारखं काय? पाच.

वहिनी : सोड त्यांना! मोडतायत बोटं त्यांची!

छोट्या : तू मध्ये पडू नकोस. चप्पल घाल आणि बाहेर ये. तू घरी चल, मग बघतो तुझं. आज बादली नाही, आज टाकीच आहे वर, भरलेली. बघू तुझी दोन मिनिटं वीस सेकंद.

ताई : वहिनी, येऊ नकोस. मोडू देत. तू आत राहा!

छोट्या : सहा.

वहिनी : सगळे बाहेर या! बाहेर! तळमजला, पहिला मजला, वरचे, सगळ्यांनी दारं उघडा! बाहेर या आत्ताच्या आत्ता!

छोट्या : ए! ओरडू नकोस.

वहिनी : हा माझा नवरा आहे! मला पाण्यात बुडवून मारायला आलाय! त्याच्या बहिणीचा हात दारात चिरडतोय! या आणि बघा! चेहरा बघून ठेवा याचा! काकू, आत जाऊ नका, उभ्या राहा तिथेच! बघा!

छोट्या : गप्प बस! … काही नाही काकू, घरातलं आहे. तुम्ही जा आत. अहो साहेब, तुम्ही कशाला वर येताय? दोघींचं भांडण झालंय, मी सोडवायला आलोय. ताई, सांग की त्यांना. सांग, घरातलं आहे.

ताई : घरातलंच आहे, काकू. म्हणूनच जाऊ नका.

छोट्या : ताई!

ताई : सोडलास? आता दारापासून मागे हो. साहेब, माझी बोटं बघा. ही याने मोडली. आमच्या छोट्याने. तुम्हाला साखरेसारखा वाटतो ना बोलायला? मलाही वाटायचा.

छोट्या : बरं. बरं, ठीक आहे. हे दार मोडायला मला दोन लाथा लागतात, ताई. एक ही घे! आणि ही! कधीतरी उतरालच ना खाली? दोघींपैकी कोण आधी उतरतं ते बघतो मी.

वहिनी : साखळी टिकली. दार लोटा, ताई. कडी मी घालते. … वरची पण घातली.

ताई : गेला?

वहिनी : उतरतोय. खालच्या मजल्यावरचे साहेब जिन्यात आडवे उभे आहेत, परत वर येऊ देणार नाहीत. हात दाखवा. हलवू नका. मधलं आणि त्याच्या बाजूचं, दोन्ही गेलीत. करंगळी वाचली. लाकडी पट्टी कुठे आहे तुमची?

ताई : खणात. वहिनी, तू केवढ्याने ओरडलीस गं.

वहिनी : तलावावर वीज कडाडली की अशीच पोरं बाहेर काढते मी. घरात कधी ओरडले नव्हते. … दुखेल हं आता. श्वास घ्या.

ताई : आऽ! … तू म्हणाली होतीस ना, मी दार उघडेन. उघडलं बघ.

वहिनी : साखळी लावून उघडलंत.

ताई : तुझ्या त्या साखळीचं कौतुक नको करूस. त्याचा चेहरा बघितला की तो ऐकेल असं वाटलं मला. आणि बोटं मध्ये होती तेव्हाही, खरं सांगू? मला वाटत होतं, आठला सोडेल.

वहिनी : मलाही प्रत्येक वेळी वाटायचं, सोडेल.

छोट्या : ताई! ए ताई!

वहिनी : खिडकीखाली उभा आहे. आवारात.

छोट्या : ताई, चुकलं माझं! हात दाखव ना, फार लागलंय का गं? मी डॉक्टरकडे नेतो तुला! ताई गं! मला वर येऊ दे!

ताई : रडतोय.

वहिनी : हो.

ताई : नाटक नाहीये. खरं रडतोय, मला ओळखता येतं. असा हुंदका आत ओढतो ना, तो खरा.

वहिनी : जायचंय तुम्हाला?

ताई : पाय उठलेत गं माझे. इतक्या वर्षांची खोड आहे, तो रडला की उठायचं.

वहिनी : मी अडवणार नाही. तुम्ही बाहेर पडलात की आतून कडी घालेन आणि मग कुणालाच उघडणार नाही. तुम्हालाही नाही.

ताई : बरोबर आहे तुझं. … फोन कुठाय माझा? मला दाबता येत नाही, तू लाव पोलिसांना आणि माझ्या कानाला धर.

वहिनी : मी बोलते ना.

ताई : तुझं तू सांगायचंच आहेस, सगळं, आकड्यांसकट. पण आधी मी. तू बोललीस की म्हणतील, नवरा-बायकोचं भांडण, मिटवून घ्या. मी बोलले तर त्यांना असं म्हणता यायचं नाही.

छोट्या : ताई! मी काय करू सांग! ताई!

वहिनी : लागला. घ्या.

ताई : हॅलो. … हो, तातडीचं आहे. एक माणूस त्याच्या बायकोचं तोंड पाण्यात दाबून तिला मारायला बघतोय. सात वेळा झालंय. ती माझ्याजवळ आहे, जिवंत आहे. आणि आज त्याने माझी बोटं मोडली. … मी त्याची बहीण. … सख्खी. … हो, विचार करूनच केलाय फोन. … नाही, आमच्यात काही वाद नाही, मीच वाढवलंय त्याला. कसं वाढवलं, त्याचंही काही सांगायचंय मला, पण ते समोर बसून सांगेन. … आत्ता? खाली आवारात आहे. तुम्हाला मागून येतोय ना, तो त्याचाच आवाज. … हो, रडतोय. … नाही. नाही हो. त्याला गप्प करायला मी खाली जाणार नाही.